पानिपत काढून टाकल्यावर

सेवानगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये एक खोली, एक स्वयंपाकघर आणि पुढे व्हरांड्याची पट्टी होती. थंडीत या सगळ्यांत मिळून राहण्यासारखी जागा एकच, अंगीठीच्या, म्हणजे कोळशाच्या शेगडीच्या, भोवतीची. बाबा एका मंत्रालयात दफ्तरी होते. दफ्तरी म्हणजे फायलींना भोकं पाडून दोऱ्याने शिवणारा, फाटलेल्या पुठ्ठ्यांना खळ लावणारा माणूस. हे मुद्दाम सांगते, कारण गावाकडे सगळ्यांची समजूत ‘दिल्लीत सरकारात आहेत’ अशी होती आणि बाबांनी ती कधी खोडून काढली नाही. त्यांच्या बोटांना खळीचा आंबूस वास कायम असायचा. गावी त्यांचे आईवडील आणि बहिणी त्यांच्याच पगारावर होत्या, त्यामुळे महिनाअखेर आमच्याकडे दलिया असायचा, सकाळी गूळ घालून आणि रात्री मीठ घालून. धाकटा वसंता विचारायचा, आज काय आहे, आणि आई गंभीर चेहऱ्याने सांगायची, ‘आज दलियाच आहे, पण वेगळा.’ रेल्वेलाईन मागेच होती. मालगाडी गेली की फळीवरची पितळेची भांडी किणकिणायची. पाहुणे दचकायचे, आम्हाला ऐकूही यायचं नाही.

चतुर्थ श्रेणीच्या लोकांना सरकारकडून गरम खाकी कोट मिळत असे. नवा कोट आला की जुना आमच्या वाट्याला यायचा. मी कॉलेजात गेले तेव्हा बाबांनी आपला जुना कोट शिंप्याकडून माझ्या मापाचा करून घेतला आणि रंगाऱ्याकडून गडद निळा रंगवून आणला. रंगारी म्हणाला होता, बिल्कुल पक्का रंग आहे. जानेवारीच्या धुक्यात रोज बसस्टॉपवर उभं राहून तो कोपरांवरून विटत गेला आणि आतली खाकी दिसायला लागली. इतर मुलींच्या अंगावर घरी विणलेले, नक्षीचे कार्डिगन असायचे. मी वर्गात कोपर टेबलावर टेकवत नसे. आता कपाटात स्वेटर ठेवायला जागा नाही, तरी कोपर टेकवून बसणं मला अजून जमत नाही.

कॉलेजात मी गेले तीही बाबांच्या साहेबांच्या शब्दावर. बाबा साहेबांचं म्हणणं घरी आणत असत, जशी इतर माणसं भाजी आणतात. साहेब म्हणाले, मुलगी हुशार आहे, घाला कॉलेजात. बाबांनी घातलं. मग काही महिन्यांनी साहेब म्हणाले, नुसत्या पास कोर्सच्या बी.ए.ला आजकाल कुणी विचारत नाही, ऑनर्स असेल तर गोष्ट वेगळी, नाहीतर टायपिंग-शॉर्टहँड करून क्लार्कची परीक्षा दिलेली बरी. बाबांनी तेही मानलं. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की वर्षाअखेर ऑनर्स मिळालं तर पुढे शिक, नाहीतर लोधी कॉलनीतल्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी बोलून ठेवलं आहे. यात राग नव्हता, धमकीही नव्हती. फायल या कपाटात जायची की त्या कपाटात, एवढ्याच सुरात ते बोलले. मी ‘अच्छा’ म्हटलं. आई चूल फुंकत होती. त्या रात्री भाकरी करपली आणि ती आम्ही तशीच खाल्ली.

पहिलं वर्ष पास कोर्सला काढून, विभागाने नाव सुचवलं तर ऑनर्सला जायची सोय तेव्हा होती. हिंदी विभागात नाव सुचवण्याचं काम मिस सक्सेनांकडे. त्या उंच, सडपातळ, करड्या केसांचा घट्ट अंबाडा घालणाऱ्या बाई होत्या आणि त्यांना कुंजीचा संताप यायचा. कुंजी म्हणजे नई सडकवर मिळणारं तयार उत्तरांचं पुस्तक. आमच्या कथांच्या कुंजीत प्रत्येक कथेखाली ‘मूल विषय’ म्हणून एक ओळ छापलेली असे: त्याग, प्रेम, कर्तव्य, मानवता. मुली ती ओळ पाठ करत आणि कथा वाचायच्या राहून जात. माझ्याशेजारी नजफगढकडच्या एका गावातली कमलेश बसायची. तीही घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. तिने एकदा शांतपणे विचारलं होतं, ‘मैडम, कुंजी में तो हर कहानी में त्याग है. कोई कहानी ऐसी भी है जिसमें कोई कुछ न छोड़े?’ वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत, पण त्यांना ती आवडायला लागली असावी.

त्या वर्षी त्यांनी ट्युटोरियलला कुंजीतल्या कथा बंदच केल्या. प्रत्येकीने आपल्या घरच्या भाषेतली एक कथा निवडायची, ती हिंदीत थोडक्यात सांगायची, आणि तिचा विषय असा ओळखून दाखवायचा की ती भाषा न येणाऱ्या मुलीलाही तो आपला वाटेल. ज्यांना ऑनर्स हवं त्यांनी हे नीट करावं, एवढं त्यांनी जाताजाता सांगितलं. माझ्यापुरतं सगळं वर्ष त्या वाक्यात येऊन बसलं.

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या एका कपाटात जुने दिवाळी अंक असत. त्यांतल्या एकात मला हवी तशी कथा मिळाली. लेखकाचं नाव आज आठवत नाही, तेव्हाही बहुधा पाहिलं नसेल. पानिपतच्या लढाईला फौजेबरोबर गेलेला एक नालबंद परत येत नाही. आला नाही, पण मेला अशीही बातमी येत नाही. त्याची बायको कुंकू लावत राहते. उत्तरेकडून येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला विचारते. वर्षं जातात, मुलाचं लग्न ठरतं, आणि भाऊबंद म्हणतात की आता बाई, तू एक काय ते ठरव, सवाष्ण म्हणून पुढे ये नाहीतर कुंकू पूस. ती म्हणते, ‘कुणी पाहिलं ते सांगा. मग पुसते.’ कथा तिथेच संपते. मी ती मोठ्या अभिमानाने हिंदीत लिहून काढली आणि खाली विषय लिहिला: पानिपत के रणांगण पर मराठों का त्याग.

दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलीला हे सुचणं साहजिक होतं. गावाकडच्या माणसांना पानिपत पुस्तकात असतं, आम्हाला ते बसच्या पाटीवर दिसायचं. दिल्लीतल्या मराठी घरांमध्ये कुणी नवा आला की पहिल्या संक्रांतीला त्याला तिकडे नेऊन आणत, जसं गावी नव्या सुनेला कुलदैवताला नेतात. आमच्या आईने तर स्वतःची एक रीत काढली होती. तिळगूळ वाटण्याआधी ती एक लाडू खिडकीत ठेवायची, ‘पानिपतवाल्यांचा’ म्हणून. ही रीत आमच्या गावी नव्हती, शेजारीपाजारी नव्हती, तिची तिनेच सुरू केलेली. तो लाडू संध्याकाळपर्यंत खारी न्यायच्या. माझ्या नातीला सुगड म्हणजे काय ते मला समजावून सांगावं लागतं, पण खिडकीतला लाडू तिला ठाऊक आहे.

तर, ट्युटोरियल. थंडीत मिस सक्सेना आम्हाला लॉनवर उन्हात घेऊन बसत. मी कथा सांगितली आणि विषय वाचला. बाईंनी विचारलं की या कथेत रणांगण कुठे आहे. मी म्हटलं, पार्श्वभूमीला. कमलेश गवत उपटत बसली होती, ती मान वर न करता म्हणाली, ‘पर मैडम, इसमें तो लड़ाई हुई ही नहीं. इसमें तो एक औरत है और उसके रिश्तेदार.’ मला तिचा राग आला. मी म्हटलं की तुला नाही कळणार, ते आमचं आहे. बाईंनी माझा कागद परत माझ्या हातात दिला.

‘पानिपत जगह का नाम है, शालिनी,’ त्या म्हणाल्या. ‘ये शब्द कहानी से निकाल दो. फिर देखो क्या बचता है. जो बचे, वही लिखकर लाना.’

घरी मला शालन म्हणत, कॉलेजात शालिनी. घरी आल्यावर शालनने रडून घेतलं. बाबांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते कधी नव्हे ते चिडले. पानिपत काढून टाका म्हणते म्हणजे काय, इतकी माणसं गेली ती काय काढून टाकायची, ही बाई कुठली, लखनौची का, असं बराच वेळ चाललं. शेवटी म्हणाले की साहेबांना विचारतो. साहेबांनी काय सांगितलं ते कधी कळलं नाही, पण दुसऱ्या दिवशी बाबांनी टायपिंगच्या इन्स्टिट्यूटची वेळ संध्याकाळची आहे एवढंच आईला सांगितलं. मी रोज ती कथा घेऊन बसायचे आणि पानिपत काढून पाहायचे. एक नालबंद कुठेतरी गेला आणि आला नाही, एवढंच उरायचं. त्यात मला काही मोठं दिसेना. मोठं जे होतं ते सगळं त्या एका शब्दात होतं आणि तो तर काढायचा होता.

संक्रांतीनंतरच्या रविवारी मंडळाची बस पानिपतला जायची. ती कस्तुरबा गांधी मार्गावरून सुटत असे. जुने लोक तेव्हा त्याला कर्झन रोडच म्हणत. त्या वर्षी आमच्याबरोबर बीजी आल्या. बीजी आमच्या समोरच्या क्वार्टरमधल्या पंजाबी बाई, आईपेक्षा मोठ्या, भरल्या अंगाच्या, फाळणीत ‘उधर से’ आलेल्या. आईला त्यांनी सरसों का साग शिकवला होता आणि आईने त्यांना पिठलं, आणि दोघीही एकमेकींचं करून आपल्याच घरच्यांना खाऊ घालत नसत, कारण घरचे नाकं मुरडत. त्यांची धाकटी बहीण पानिपतला दिलेली, नवऱ्याच्या हातमागावर खेस, म्हणजे जाड चादरी, विणणारी. बसमध्ये जागा आहे तर तिला भेटून येईन, एवढाच बीजींचा हिशेब. मंडळाचे सेक्रेटरी साठेकाका दारात यादी घेऊन उभे. त्यांनी आईला बाजूला घेऊन विचारलं, ‘वहिनी, या कोण? मराठी आहेत का?’ आई म्हणाली, ‘आमच्या शेजारी आहेत,’ आणि बीजींना खिडकीजवळ बसवून स्वतः मध्ये बसली. साठेकाकांनी यादीकडे पाहिलं आणि मग धुक्याकडे पाहिलं.

लढाईच्या जागेला, काला अंबला, आता भिंत आहे, बाग आहे, चित्रं आहेत, तिकीटही असेल. तेव्हा शेतं होती आणि त्यांत एक विटांचा खांब, भोवती कठडा. ज्याच्यावरून जागेला नाव पडलं तो काळा आंबा केव्हाच गेलेला. सरसों फुलली होती आणि गार वारं सुटलं होतं. साठेकाकांनी दरवर्षीचं भाषण केलं. दरवर्षी त्यांचा आवाज त्याच जागी भरून यायचा आणि आम्ही मुलं त्या जागेची वाट पाहायचो. लोकांनी फुलं वाहिली. कुणीकुणी रुमालात चिमूटभर माती बांधून घेतली. आईने पदराच्या गाठीतून तिळाचा लाडू काढला आणि कठड्याच्या पायथ्याशी ठेवला. बीजी थोड्या मागे उभ्या होत्या, शाल कानापर्यंत ओढून. त्या पुढे आल्या आणि आईच्या शेजारी उभ्या राहिल्या.

‘तेरा कौन था यहाँ?’ त्यांनी विचारलं.

आईने खरं ते सांगितलं. तिचं हिंदी कायम मराठीतून चालत यायचं. ‘मालूम नहीं. कोई तो होगा ना.’

बीजींनी त्यावर मान डोलावली. मग त्या बोलल्या, खांबाकडे बघत, भाजीचा भाव सांगावा तितक्या सरळ आवाजात. लायलपूरकडच्या त्यांच्या गावातून सगळे निघाले तेव्हा त्यांचे वडील म्हणाले, तुम्ही चला पुढे, मी ताला लावून आलो. ते आले नाहीत. शेजाऱ्यांपैकी कुणी पाहिलं नाही, कॅम्पात कुणी सांगितलं नाही. ‘मुझे सब पता है,’ बीजी म्हणाल्या. ‘कौन थे, क्या पहना था, जेब में क्या था. बस कहाँ, वो नहीं पता.’ त्यांनी कुडत्याच्या खिशात हात घातला. लोहडीच्या उरलेल्या रेवड्या होत्या. त्यांतल्या मूठभर तळहातावर घेऊन त्या आईला म्हणाल्या, ‘इसके साथ रख दूँ?’

‘रख दो,’ आई म्हणाली. ‘यहाँ किसका नाम लिखा है.’

बीजींनी रेवड्या लाडवाशेजारी ठेवल्या आणि डोक्यावरून शाल नीट केली. साठेकाका फिरत फिरत तिथे आले आणि काय ठेवलं म्हणून त्यांनी विचारलं. आई म्हणाली, ‘तीळच आहेत.’ मग सगळे बसकडे निघाले, कारण पुऱ्या-भाजी बसमध्ये होती आणि ती गार होत होती. परतीच्या वाटेवर बीजी बहिणीकडे उतरल्या. उतरताना त्यांनी मला उरलेली रेवडी दिली आणि म्हणाल्या, ‘खा ले पुत्तर, इतनी सूखी क्यों है.’

त्या क्षणी मला काही उमगलं असं मी सांगणार नाही. मला थंडी वाजत होती, कोटाची बाही ओली झाली होती आणि मी दुसऱ्या दिवशीच्या ट्युटोरियलच्या भीतीत होते. घरी येऊन कथा पुन्हा पुढ्यात घेतली. या वेळी पानिपत काढलं तेव्हा ती नालबंदाची बायको तिथेच उभी राहिली, आणि तिच्या अंगावर बीजींची शाल होती. आमच्याकडे जागा होती आणि माणसाचं नाव नव्हतं. बीजींकडे नाव होतं आणि जागा नव्हती. कथेतल्या बाईकडे कुंकू होतं, त्याचं काय करायचं ते तिला कुणी सांगत नव्हतं. मी विषयाची ओळ लिहिली. हिंदीत होती, मराठीत ती अशी होईल: ज्याची बातमी आली नाही त्याचं दुःख ठेवायचं कुठे. माझ्या शेजारी वसंता रजईत झोपला होता आणि आई बाजरीचं पीठ चाळत होती. मी ती ओळ तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘यात काय, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं.’ मी थोडी हिरमुसले. आज वाटतं की बाईंनी जे शोधायला सांगितलं होतं ते हेच होतं.

सोमवारी लॉनवर ऊन नव्हतं, आम्ही वर्गातच बसलो. मी कथा पुन्हा सांगितली, या वेळी ‘एक गाँव’ आणि ‘एक लड़ाई’ म्हणत, आणि ओळ वाचली. मिस सक्सेना काही बोलण्याआधी कमलेश बोलली. मला वाटलं, आता ही पुन्हा काहीतरी काढणार. ती म्हणाली की तिचे चाचा चीनच्या लढाईत गेले आणि फौजेकडून फक्त ‘लापता’ एवढंच कळलं. घरच्यांनी चाचीला धाकट्या दिराची चादर घालायची ठरवली, त्यांच्याकडे ते रीतसर लग्नच. चाचीने चादर अंगावरून काढून खाटेवर ठेवली आणि म्हणाली, आधी खबर आणा. अजून तशीच आहे, बांगड्या भरते, म्हशी बघते. हे सगळं कमलेशने नेहमीच्या रोखठोक आवाजात सांगितलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, ‘तेरी वाली के पास कम से कम टीका था, यार. हमारी वाली से तो सब लड़ते हैं.’

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग त्यांनी कमलेशला विचारलं, ‘अब ये कहानी किसकी है?’ कमलेश म्हणाली, ‘जी, आधी मेरी, आधी इसकी.’ बाईंनी माझ्या कागदावर काहीतरी खूण केली. माझं हस्ताक्षर वाईट आहे आणि मी शेवटी उगाच देशाबद्दल चार ओळी लिहिल्या आहेत त्या खोडाव्यात, एवढं सांगून त्या पुढच्या मुलीकडे वळल्या. माझं आणि कमलेशचं नाव ऑनर्ससाठी गेल्याचं आम्हाला नोटीस बोर्डावर कळलं.

बाबांना मी सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला, हात पुसला आणि विचारलं, पानिपत काढलं का शेवटी. मी म्हटलं, हो. ‘मग काय उरलं?’ मी त्यांना बीजींचं सांगितलं. ते ऐकून त्यांनी पुन्हा घास उचलला आणि बराच वेळ चावत राहिले. दुसऱ्या दिवशी कार्यालयातून येताना लोधी कॉलनीत उतरून ते इन्स्टिट्यूटच्या माणसाला नाही म्हणून आले. साहेबांना त्यांनी विचारलं नव्हतं. मला हे आईकडून कळलं.

पुढच्या संक्रांतीला आईने खिडकीत लाडवाशेजारी रेवडी ठेवली. बीजींनी ती समोरून पाहिली. खारींनी दोन्ही नेलं.

मी हिंदी ऑनर्स घेऊन बी.ए. झाले. दुसरी श्रेणी मिळाली. आईच्या आणि बाबांच्या, दोन्ही घराण्यांत ती पहिली पदवी. तिची फ्रेम बाबांनी स्वतः चिकटवली, कार्यालयातल्या खळीने, आणि ती अजून उखडलेली नाही.